'आपली'चं व्याकरण

पौष सरत आला की नगरहून मिरजगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी भरायला लागते. कणसं अजून हिरवट असतात, दाणा दाबला तर दूध येतं, आणि वारा आला की सगळं रान एकदम एका बाजूला कलतं. यंदा ज्वारी चांगली आहे. मागच्या आठवड्यात एका बारशाला निघालो होतो. गाडी सून चालवत होती, मी शेजारी बसले होते. काच खाली केली आणि तो ओळखीचा वास आत आला. थोडा गवताचा, थोडा मातीचा, थोडा कच्च्या पिठाचा. हल्ली पाखरं हाकायला माळ्यावर कुणी बसत नाही. चमकणाऱ्या फिती बांधतात, त्या उन्हात लखलखत फडफडत असतात. तरी एका तुकड्यावर चिमण्यांचा थवा उतरताना दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"चिमिनीकी?"

"काय म्हणालात आई?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. चिमण्या आल्या का, असं म्हटलं."

"कुठल्या भाषेत?"

त्या भाषेला आम्ही नावच दिलं नव्हतं. 'आपली' म्हणायचो. "आपलीत बोल," "आपलीत सांग." ती बोलणाऱ्या माणसांपैकी आज दोघी-तिघी असतील. आणि त्यातली एक, म्हणजे मी, ती भाषा धड शिकले ते ती तयार केल्यानंतर सव्वा वर्षानं.

हे सुनेला चालत्या गाडीत कसं सांगणार? म्हणून इथे सांगते.

माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. बदली होऊन आम्ही ज्या गावात आलो ते मिरजगावपासून आत, हमरस्ता सोडून तासभर चालल्यावर लागायचं. आम्हाला जमीन नव्हती, घर भाड्याचं होतं. वर्गात माझ्या शेजारी बसायची ती इंदू. इंदूच्या घरी कोरडवाहू शेती होती. विहीर होती, पण माघानंतर तिच्या तळाशी फक्त बेडूक असायचे. ज्वारी भरायला लागली की शाळा सुटल्यावर आणि रविवारी दिवसभर इंदू माळ्यावर बसायची. चार लाकडांवर फळ्या टाकून केलेला उंच माळा. तिच्या हातात गोफण. मी बांधावर, माझ्याही हातात गोफण, पण माझा दगड बहुधा माझ्याच मागे पडायचा. म्हणून माझं काम असं की, पाखरं कुठल्या बाजूनं उतरली ते ओरडून सांगायचं.

अडचण ही होती की वाऱ्यात बोलणं पोचत नसे. मी ओरडायची, "चिमणी विहिरीकडं!" आणि तिच्यापर्यंत नुसते फाटके तुकडे पोचायचे. ती वरून ओरडायची, "काय? लई वारं हाय, पुन्यांदा सांग!"

मग एक दिवस इंदूच्याच लक्षात आलं. ती खाली उतरली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सुधे, बग. तू 'ईऽऽ' वरडलीस तर मला आयकू येतं. 'ऊऽऽ' वरडलीस तरी येतं. पर एकाच शब्दात आ, ई, ऊ समदं भरलं की ते वाटंतच सांडतं."

"मग काय करायचं?"

"एका शब्दात एकच ठिवायचं."

एवढ्यावरून सगळं सुरू झालं. तेरा वर्षांच्या दोन मुली बांधावर बसल्या आणि त्यांनी स्वरांची तीन घरं केली. अ आणि आ एका घरात. इ, ई, ए दुसऱ्या. उ, ऊ, ओ तिसऱ्या. शब्दातला पहिला स्वर हा घरधनी. मागून येणाऱ्यानं त्याच्यासारखं व्हायचं. चिमणीत पहिला इ, म्हणून चिमिनी. पाण्यात पहिला आ, म्हणून पाना. गोफणीचा गोफोन झाला. ण आला की न करायचा, हे आम्ही ठरवलं नाही; इंदू तसंच बोलायची, म्हणून झालं. आमची नावंसुद्धा घरात बसली. ती इंदी, मी सुधू. प्रश्न विचारायचा तर शेवटी का, की, कू, ज्या घराला जे शोभेल ते. नाही म्हणायचं तर ना, नी, नू. पाना म्हणजे पाणी, पानाका म्हणजे पाणी आहे का, पानाना म्हणजे पाणी नाही. काही शब्द आम्ही नवेच केले. पाखरांच्या थव्याला भुरू. भीतीला झिळी. क्रियापदं तोडून आखूड केली, 'दे'चं दी आणि 'ये'चं यी झालं.

आणि खरंच, ती पोचायची. त्या सुगीत मी बांधावरून 'भुरू, भुरू' अशी हाक दिली की माळ्यावरून इंदूचा गोफोन फिरलेला दिसायचा.

मी गुरुजींची मुलगी. मला ते तेवढ्यावर सोडवेना. मी वही केली. वडिलांकडच्या व्याकरणाच्या पुस्तकात असतं तसं नियम एक, नियम दोन, अपवाद, उदाहरणे. इंदूनं ती वही एकदा हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "छान हाय अक्षर," म्हणाली. तिला वहीची गरज नव्हती, ती बोलत होती.

आठवीला आम्ही दोघी हायस्कूलला गेलो. तिथे मराठीच्या एक बाई होत्या. वाईट नव्हत्या. मन लावून शिकवायच्या, कविता म्हणताना त्यांचा गळा भरून यायचा. पण त्यांना उच्चार शुद्ध हवा असे. इंदूला त्यांनी धडा वाचायला उभं केलं. इंदूनं 'पाणी'चं 'पानी' वाचलं आणि बाईंनी थांबवलं.

"ण. जीभ वर वळव. म्हण, पाणी."

"पानी."

"पाणी."

"पानी."

दहा वेळा. वर्ग हसायला लागला. आता हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवं, मीही हसले. मोठ्यानं नाही. इंदूनं माझ्याकडे पाहिलं, एवढंच. घरी जाताना आम्ही 'आपली'त बोललो, नेहमीसारखं, आणि तो विषय निघाला नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी माणूस असल्या गोष्टी गिळतो आणि त्या गिळल्या गेल्या असं समजतो.

ते वर्ष दुष्काळाचं. बहात्तरचं. आमच्या भागात त्याआधीच पाऊस रुसलेला होता, त्या वर्षी त्यानं तोंडच दाखवलं नाही. दिवाळी झाली, थंडी पडली, पौष आला आणि रानात काहीही उभं नव्हतं. पुढच्या आयुष्यात मी बऱ्याच टंचाया पाहिल्या, पण त्या पौषातली शांतता पुन्हा ऐकली नाही. ज्या दिवसांत रानभर हाळ्या घुमायच्या त्या दिवसांत हाळी द्यायला कारण नव्हतं. हाकायला पाखरं नव्हती. माळ्याची लाकडं इंदूच्या वडिलांनी चुलीसाठी घरी आणली आणि ते बैलजोडी घेऊन जनावरांच्या छावणीत जाऊन राहिले. इंदू आणि तिची आई दुष्काळी कामावर लागल्या. गावापासून कोसभर अंतरावर डोंगराच्या पायथ्याशी खडी फोडायचं काम निघालं होतं. नाताळच्या सुट्टीनंतर इंदू शाळेत आली नाही.

मी रोज एकटी हायस्कूलला जायची. बाकावर शेजारी जागा मोकळी. कुणाशी 'आपली'त बोलणार? मग मी वहीशी बोलायची. रोज दोन-तीन शब्द वाढवायची, नियमांची संख्या वाढवायची. एका नियमाला पोटनियम केले. त्या वहीत आपली अगदी निर्दोष होत चालली होती. मला तिचा अभिमान वाटायचा.

फाल्गुनात, परीक्षा जवळ आली असताना, एका रविवारी मी त्या खडीच्या कामावर गेले. इंदूला म्हणायचं होतं की परीक्षेला तरी ये. नववीत गेलीस की पुढचं पुढे बघू. वही बरोबर घेतली होती. तिला दाखवायची होती.

लांबूनच आवाज येत होता. शेकडो हातोड्यांचा. एक ठोका वेगळा ऐकू येत नाही, सगळे मिळून पत्र्यावर गारा पडाव्या तसा एकच आवाज. रांगेनं बायका बसलेल्या, प्रत्येकीपुढे दगडांचा एक ढीग आणि फोडलेल्या खडीचा दुसरा. धूळ अशी की प्रत्येकीनं नाकातोंडावर लुगड्याचा पदर नाहीतर फडकं घट्ट बांधलेलं. नुसते डोळे दिसत होते. इंदूला मी डोळ्यांवरून ओळखलं. तिनंही हातोडा खाली ठेवला आणि फडक्याआडून ओरडली,

"हुधू!"

मला कळलंच नाही, ती मला हाक मारते आहे.

"हुधू! यी!"

मग उमगलं. सुधूचं हुधू झालं होतं. मी जाऊन तिच्याजवळ बसले. आणि थोड्याच वेळात लक्षात आलं, ती एकटीच नव्हती. रांगेतल्या आठ-दहा बाया आमची भाषा बोलत होत्या! इंदूची आई, तिच्यापलीकडची गया, त्यापलीकडच्या मला अनोळखी असलेल्या बायका. इंदूनं आईला शिकवली, आईनं बाकीच्यांना. हातोड्यांच्या कल्लोळात मराठी पोचत नव्हती, ही पोचत होती. दोन मुलींनी वाऱ्यासाठी केलेली भाषा दगडांवर चालायला लागली होती.

पण ती पूर्वीची राहिली नव्हती. तोंडावर फडकं असल्यावर प, ब, म सगळेच गुदमरतात. लांबून ऐकणाऱ्याला नुसता 'व' येतो. म्हणून बायांनी 'व'च म्हणायला सुरुवात केली होती. पानाचं वाना. चिमिनीचं चिविनी. स हातोड्यांच्या आवाजात विरून जातो, त्याचा ह झाला होता. मुकादम येतोय हे सांगायला 'मुकूदुम' असं आमच्या नियमानं व्हायला हवं होतं. ते वुकूदू होऊन, घासून घासून नुसतं 'वुकू' उरलं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्वरांनी घराची भिंत ओलांडली होती. आमच्या नियमात एका शब्दापुरता एक स्वर होता. इथे पहिल्या शब्दाचा स्वर सगळं वाक्य घेऊन जायचा. गयाला पाणी दे, हे आमच्या व्याकरणात 'गाया पाना दी' असं झालं असतं. बाया म्हणत होत्या, "गाया वाना दा!" एकच आ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो हातोड्यांच्या वरून तरंगत जायचा.

आज मला त्या वाक्याचं कौतुक वाटतं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी बैठक घेतली नव्हती. धूळ, फडकं, आवाज आणि तहान यांनी मिळून दोन महिन्यांत भाषेला ते वळण दिलं होतं. त्या दिवशी मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, यांनी मोडली. माझी भाषा मोडली.

"वाना काय? पाना!" मी इंदूला म्हटलं. "आणि दा नाही, दी. नियमात आहे. हे बघ." मी वही उघडली.

इंदू हसली. "अगं, हितं तसं येत न्हाई. तू फडकं बांधून म्हनून बग."

"चुकीचं ते चुकीचं," मी म्हणाले. वाक्य माझं होतं, सूर मराठीच्या बाईंचा होता. तेव्हा ते मला ऐकू आलं नाही.

तेवढ्यात कुणीतरी 'वुकू' म्हटलं आणि सगळ्या गप्प झाल्या. मुकादम आले. उन्हानं रापलेला, पन्नाशीचा, थकलेला माणूस. डोक्याला पंचा, हातात हजेरीची वही. मला पाहून थांबले.

"गुरुजींची पोर ना तू?"

"हो."

"तुला ठावं आसंल. ह्या बाया काय बोलत्यात? रोज आयकतो. 'गाया खाडा दा, गाया खाडा दा.' मी म्हनतो, गयाचा खाडा? बगायला येतो तर गया बसलेली आसती जाग्यावर. आन् ह्या हसत्यात. काय भानगड हाय?"

खाडा म्हणजे गैरहजेरी, हे तुम्हाला मला ठाऊक आहे. मुकादमांना तेच ऐकू येत होतं. बायांची त्यात करमणूक होत होती, तेही खरं. पण 'आपली'त खाडा म्हणजे खडी. आणि मला, वही हातात असलेल्या मला, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्या माणसानं माझ्या भाषेबद्दल विचारलं होतं.

"ती एक भाषा आहे," मी म्हणाले. "आम्ही तयार केली आहे. खडीत पहिला स्वर अ, म्हणून खाडा. दा म्हणजे दे. म्हणजे खरं दी पाहिजे, या चुकीचं बोलतात. गयाला खडी द्या, असा त्याचा अर्थ."

बोलून झाल्यावर मला जाणवलं की हातोडे थांबले आहेत. सगळे नाहीत, फक्त आमच्या आसपासचे. मुकादमांनी गयाच्या ढिगाकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे. मग, हळूच, तिच्या पोटाकडे. गयानं पदर पुढे ओढला.

गयाला सहावा महिना होता. तिचा नवरा कामाला बाहेर गेलेला, घरी सासू आणि एक लहान मूल. पोटुशी बाई हातोड्यावर चालत नाही म्हणून काढून टाकतील, या भीतीनं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे मुकादमांना नव्हतं. बाया जाणत होत्या. तिच्यानं दिवसभराचं माप भरत नसे. मुकादम दुसऱ्या टोकाला असले की 'गाया खाडा दा' अशी हाक जायची आणि रांगेतली प्रत्येक बाई आपल्या ढिगातली ओंजळभर खडी पुढे सरकवायची. ओंजळ ओंजळ करत ती गयापर्यंत पोचायची. भाषा त्यासाठी चालली होती. इंदूनं ती त्यासाठीच शिकवली होती.

मुकादम ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"बाई," ते म्हणाले, "उद्या तुला हितं काय झालं तर मी तुज्या सासूला काय त्वांड दावू? घरी जा. बाळातपन झाल्यावर ये."

"भाऊ, तवर खायाचं काय?" इंदूची आई म्हणाली.

"ते मला इचारू नगा, मावशी. मला बी वरून इचारत्यात."

गया उठली. हातोडा इंदूच्या आईजवळ ठेवला, पोटाखाली हात धरला आणि गावाच्या वाटेला लागली. उन्हात ती बराच वेळ दिसत राहिली.

मी तिथेच उभी. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. थोड्या वेळानं इंदू उठली, मडक्यातून पितळी तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. तोंडावरचं फडकं तिनं खाली केलं होतं.

"पाणी घे," ती म्हणाली. "ऊन फार आहे. तू आता घरी जा."

पाणी. टाळ्याला जीभ नीट वळवून म्हटलेला, एकही बोट ठेवायला जागा नसलेला ण. 'आहे', 'हाय' नव्हे. बाईंनी ऐकलं असतं तर त्यांनी शाबासकी दिली असती. म्हणजे तिला येत होतं. वर्गात दहा वेळा म्हणायला लावूनसुद्धा तिनं ते दिलं नव्हतं, आणि आज मला दिलं. परक्या माणसाला पाट द्यावा तसं.

मी पाणी प्यायले आणि घरी आले. वाटभर मला माझंच वाक्य ऐकू येत होतं, 'चुकीचं ते चुकीचं', आणि आता ते कुणाच्या सुरात आहे हे कळत होतं.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. ते ओट्यावर बसून वह्या तपासत होते. सगळं ऐकून घेतलं.

"तू खोटं बोललीस का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"त्यांनी अर्थ विचारला, मी अर्थ सांगितला. पण मला त्या बायकांचा विचारच आला नाही, अण्णा. मला फक्त वाटलं, माझी भाषा, मी सांगणार."

वडिलांनी लाल शाईच्या पेनाला टोपण लावलं. "कामावर लहान मुलं असतात ना? त्यांच्याकडे कोण बघतं?"

मला आठवलं, लिंबाखाली दहा-बारा पोरं धुळीत लोळत होती. एक झोळी होती, तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

"कुणी नाही."

"मग उद्या जाऊ आपण. मी बरोबर येईन. पण बोलायचं तू."

सोमवारी शाळा बुडवून मी गेले. मुकादमांपुढे उभी राहिले. मी म्हणाले, काल मी सांगितलं ते बरोबर होतं, पण गया कामचुकार नाही. तिचं काम सगळ्या मिळून करत होत्या, म्हणजे खडी कुठेच कमी पडत नव्हती. आणि लिंबाखालची पोरं एकटी आहेत. एक रांगत रांगत दगडांकडे येताना काल मी स्वतः पाहिलं. ती सांभाळायला गया बसली तर?

मुकादमांनी वडिलांकडे पाहिलं. वडील डोंगराकडे पाहत होते.

"पोरं सांबाळायला बाई ठिवायची मुभा हाय," मुकादम हळूहळू म्हणाले. "हुती एक म्हातारी. लेकीकडं गेली ती आलीच न्हाई." मग पंच्यानं मान पुसली. "मला बी बरं वाटलं न्हवतं काल. बोलवा तिला."

दोन दिवसांनी गया लिंबाखाली बसलेली दिसली. झोळीला दोरी बांधून ती पायाच्या अंगठ्यानं हलवत होती आणि मांडीवर दुसरंच कुणाचं तरी मूल होतं. पुढे तिला मुलगी झाली, धडधाकट.

इंदू परीक्षेला आली नाही. घरात कमावत्या त्या दोघी मायलेकीच, ती कमाई निम्मी करणं तिला परवडणारं नव्हतं. पाऊस झाल्यावर तिचं कुटुंब उसाच्या पट्ट्यात, श्रीरामपूरकडे गेलं. तिथे लग्न झालं, बऱ्याच वर्षांनी ती बालवाडीत लागली आणि मुलांना शिकवता शिकवता निवृत्त झाली. आम्ही फोनवर बोलतो. ती 'हाय' म्हणते, 'न्हाई' म्हणते, मी माझं बोलते, आणि कुणाचंच वाटेत काही सांडत नाही.

'आपली' मात्र त्या पावसाबरोबर गेली. कामं बंद झाली, बाया आपापल्या रानात गेल्या. सगळ्यांना आनंद झाला. एक भाषा बोलायची थांबली, याचं दुःख कुणाला व्हावं, आणि का व्हावं? तिची गरज संपली, ही चांगलीच गोष्ट होती. पुढे मी पोटासाठी भाषा शिकवली. एका शब्दातले स्वर दुसऱ्याला आपल्यासारखं करून घेतात, एक व्यंजन झिजून दुसरं होतं, हे पुस्तकांत वाचलं. नावं मोठी होती. प्रत्येक वेळी मला वाटायचं, यात फडकं कुठे आहे? तहान कुठे आहे? ही सगळी स्थित्यंतरं कुणाच्या तरी तोंडात झाली असणार. कुणीतरी दमलं असणार, कुणीतरी घाईत असणार, कुणाला तरी पलीकडच्या माणसापर्यंत पोचायचं असणार. ती झीज पाहून मी एकदा चिडले होते, याची लाज अजून पुरती गेलेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या फाल्गुनातल्या पुढच्या रविवारचं.

गया परत आली तरी इंदू माझ्याशी शुद्धच बोलत होती. "ये, बस." "बरी आहेस ना?" प्रत्येक शब्द धुतलेला. त्या रविवारी मी वही घरी ठेवली. आईचं एक जुनं फडकं घेतलं, नाकातोंडावर बांधलं आणि पाण्याचं मडकं उचलून रांगेतून फिरायला लागले. पाणी वाढणारी मुलगी म्हणून कुणी मला हाकललं नाही. हातोड्यांच्या त्या कल्लोळात, फडक्याआड, मी स्वतःशी म्हणून पाहिलं, पाना. मलाच ऐकू आलं नाही. वाना. हे ऐकू आलं. तोंड न मिटता निघणारा, वाफेसारखा तो व. मग मी स म्हणून पाहिला आणि तो कुठे जातो ते मला कळलं.

दुपार टळत होती. रांगेच्या मध्यावर एक म्हातारी हातोडा ठेवून मागे रेलली. तिला पाणी हवं होतं आणि माझं मडकं रिकामं झालं होतं. भरलेलं मडकं इंदूजवळ होतं, बरंच लांब. म्हातारीचं नाव मला माहीत नव्हतं. 'आजीला पाणी दे' एवढं सांगायचं होतं. आजी. पहिला स्वर आ. मी छाती भरून घेतली आणि ओरडले,

"आजा वाना दी!"

हातोडे थांबले. एका बाईच्या खांद्याला हिसका बसला, मग दुसरीच्या. मग सगळी रांग फडक्यांआड खदखदायला लागली. मी घाबरून उभी राहिले. इंदूची आई डोळे पुसत होती. मागे रेललेली म्हातारीसुद्धा हसत होती.

इंदू मडकं काखेला घेऊन आली. आधी म्हातारीला पाणी दिलं. मग माझ्यासमोर उभी राहिली. फडक्याच्या वर तिचे डोळे होते, धुळीनं पांढरे झालेले, आणि त्यांच्या कडा हलत होत्या.

"दी न्हाई," ती म्हणाली. "दा. समदं एका दमात जाया पायजे. आजा वाना दा."

"आजा वाना दा," मी म्हणाले.

"अजून वडून म्हन. आऽऽ."

"आजाऽ वानाऽ दाऽ."

तिनं मान हलवली. "न्हाई जमत तुला अजून. ते मडकं ठिव खाली." मग तिनं आपल्या ढिगाजवळचा एक सपाट दगड पायानं झाडून मोकळा केला.

"बस हितं. शिकिवते."